एकाएकी मंदावलेला संगणक

संगणक मंदावला म्हणजे त्याला व्हायरस झाला आणि व्हायरस झाला म्हणजे फॉरमॅट मारलाच पाहिजे, अशी जी समजूत नंदुरबारपासून धडगावपर्यंत घरोघरी पक्की रुजून बसली आहे, तिच्यापायी जितक्या कुटुंबांचे नुकसान झालेले मी दुरुस्तीच्या मेजावर पाहिले, तितके खुद्द व्हायरसमुळे झालेले पाहिले नाही.

मागल्या हिवाळ्यात, मिरचीचा हंगाम ऐन भरात असताना, मिरची वाळविण्याच्या पथारीलगत राहणारे एक निवृत्त शिक्षक आपला संगणक रिक्षात घालून घेऊन आले. "दोनदा फॉरमॅट मारला भाऊ, दोन-दोन अँटिव्हायरस टाकले, तरी सकाळी बरा चालतो अन् दुपारी बसतो." त्यांच्या या तक्रारीतच निदान होते, ते कोणी ऐकून घेतले नव्हते, इतकेच. पेटीचे झाकण काढले तेव्हा पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर धूळ आणि मिरचीची भुकटी यांचा नमद्यासारखा तांबूस थर साचलेला दिसला, आणि तो ब्रशने सोडविताना आम्ही दोघेही शिंकांनी बेजार झालो. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास पोचू लागले की जळून जाऊ नये म्हणून तो आपला वेग आपणच उतरवितो. म्हणजे तो मंदपणा हा रोग नव्हता, ज्वराप्रमाणे देहाने चालविलेला बचाव होता. अर्ध्या तासाच्या सफाईने संगणक पूर्ववत झाला. मात्र पहिल्याच फॉरमॅटमध्ये त्यांच्या कन्येच्या जातवैधता प्रमाणपत्राची आणि शाळेच्या दाखल्यांची जी चित्रे पुसली गेली, ती मला परत आणता आली नाहीत. ज्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेथील वाचकांना दस्तऐवजांचे मोल मी निराळे सांगायला नको.

तेव्हा प्रथम स्वतःला विचारा, हे केव्हापासून? वर्षानुवर्षे हळूहळू येणारे मांद्य हे वयाचे असते, त्याची चिंता नको. कालपर्यंत धावणारा संगणक आज अडला, तर कारणही कालपरवाचेच शोधावे : नवे काय टाकले, लॅपटॉप गोधडीवर ठेवून त्याची वाट बुजविली का, दुसऱ्याच कोणाचा चार्जर लावला का. बरेच दिवस बंद ठेवून चालू केला असेल, तर विंडोज मागे पडलेली अद्यतने उतरवून घेत असते. घाबरू नका, दोन तास चालू राहू द्या. एवढ्यानेही फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणावर भार पडला आहे ते स्वस्थपणे पाहा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाका. ते एकमेकांचीच झडती घेत बसतात.

परंतु काहीही चालू नसता डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळून राहत असेल, एखादी फाइल उघडताना सारा संगणकच गोठत असेल, किंवा पेटीतून कट्-कट् असा आवाज येत असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नका. ही डिस्क जाण्याची लक्षणे असू शकतात. आवाज येत असेल तर संगणक बंद करा आणि पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरा. आवाज नसेल तर आधी महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरवून घ्या. एसएसडी तर आवाज न करताच जाते. अशा मरणोन्मुख डिस्कवर फॉरमॅट मारणे म्हणजे जे वाचण्याजोगे होते तेही आपल्या हातांनी पुसणे होय.

इंटरनेटवरील वैदूंविषयी मला राग आहे, आणि तो मी लपवीत नाही. एका क्लिकमध्ये रॅम वाढविण्याचे आश्वासन देणारा कार्यक्रम खोटा आहे. रॅम ही संगणकात बसविलेली वस्तू असते, ती उतरवून घेता येत नाही. पडदा लाल करून "या क्रमांकावर फोन करा" असे बजावणारा तर तुमच्या बँकेच्या खात्यावर टपलेला असतो. फोन करू नका, संगणक बंद करा.

आणि दुरुस्तीला नेलात, तर फॉरमॅट मारण्यापूर्वी कागदांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली का, हे समोर उभे राहून विचारा. "काही होत नाही" असे उत्तर मिळाले, तर संगणक उचलून घरी घेऊन या.