घोडबंदरला राहायचं तर गाडीचे तास मोजायचे

पोरी, कासारवडवलीत घर झालं, खाली पार्किंगमध्ये स्वतःची गाडी उभी राहिली, फार बरं वाटलं. परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, सर्व्हिसिंगची मला काळजीच नाही, वेळ झाली की गाडी स्वतःच सांगते." तेव्हापासून हे तुला सांगायचं मनात आहे. गाडी सांगते हे खरं. पण तिला जेवढं कळतं तेवढंच ती सांगते, आणि घोडबंदर रोडबद्दल तिला फार थोडं कळतं. गॅरेजात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, ते नीट ऐकून घे.

आधी हे बघ, तुझ्या गाडीतला दिवा कोणत्या जातीचा आहे

मीटरवर पान्याचं चिन्ह येतं किंवा 'सर्व्हिस ड्यू' अशी अक्षरं येतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत त्यामागे साधी मोजणी असते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. काही कंपन्यांचा आकडा वेगळा असतो. आतल्या ऑइलची तब्येत कोणी तपासत नाही. ऑइल स्वच्छ आहे की त्याचा पार काळा चिकट गाळ झालाय, या दिव्याला दोन्ही सारखंच.

दुसरी जात हिशेब करणारी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सने ही पद्धत गाड्यांत आणली. इंजिनाचे फेरे किती झाले आणि ते किती तापमानाला झाले, यावरून संगणक ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत काढतो. इंजिन गार असताना झालेले फेरे किंवा अती तापल्यावर झालेले फेरे जास्त वजनाने धरतो. ही पद्धत कितीतरी शहाणी, पण तीही ऑइल हातात घेऊन बघत नाही. टाकीत कंपनीने सांगितलेलंच ऑइल आहे आणि पातळी बरोबर आहे, असं गृहीत धरून तिचा हिशेब चालतो. डब्यात बनावट ऑइल असलं, तरी टक्के तेवढेच दिसणार.

पुस्तिकेत 'सर्व्हिस रिमाइंडर'चं पान काढ. किलोमीटर आणि महिने भरायची सोय असेल तर दिवा पहिल्या जातीचा, ऑइलचे टक्के दिसत असतील तर दुसऱ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

किलोमीटरबरोबर तासही मोज

हा माझा मुख्य मंत्र. किलोमीटरचा आकडा गाडी किती सरकली ते सांगतो. इंजिन किती वेळ चाललं ते सांगत नाही. आणि ऑइल झिजतं ते इंजिन चालू असताना, मग गाडी पळत असो की पातलीपाड्याच्या सिग्नलला उभी असो.

गणित सोपं आहे. ताशी ५० च्या सरासरीने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २०० तास. तेच दहा हजार ताशी १५ च्या सरासरीने केले तर साडेसहाशे तासांच्या वर. मीटरवर आकडा एकच, पण एका गाडीचं इंजिन दुसरीच्या तिपटीहून जास्त वेळ चाललेलं. आता हेही खरं सांगतो, की उभ्या गाडीच्या इंजिनाचे फेरे कमी असतात आणि त्याच्यावर भारही कमी असतो. म्हणून ऑइल तिप्पट खराब होतं असं मी म्हणणार नाही. पण रेंगाळणाऱ्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, समोरून वारा लागत नाही, आणि ऑइलमधली मळ धरून ठेवणारी नि आम्ल मारणारी रसायनं खर्च होत राहतात. दिव्याच्या साध्या मोजणीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

आणि आपला रस्ता तुला माहीतच आहे. माजिवड्यापासून फाउंटनपर्यंतचं अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. पण न्हावा-शेव्याकडून गुजरातेकडे जाणारे कंटेनर याच वाटेने जायचे, वर्षानुवर्षं मेट्रो ४ च्या कामाचे अडथळे आणि धूळ, आणि गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की रांग कुठवर येते ते मी सांगायला नको.

म्हणून ऑइल बदललेल्या दिवशी ट्रिप मीटर शून्यावर आण. मीटरवर 'ॲव्हरेज स्पीड' दिसत असेल तर तोही त्याच दिवसापासून मोजायला लाव. किलोमीटरला सरासरीने भागलं की तास मिळाले. तो आकडा दिसत नसेल तर एक आठवडा निघाल्याची आणि पोचल्याची वेळ टिपून ठेव, अंदाज येतो.

माझा स्वतःचा नियम असा. सरासरी तिशीच्या वर असेल तर कंपनीचा आकडा पाळायचा. वीस ते तीसमध्ये असेल तर साडेसात हजारांना ऑइल बदलायचं. विसाच्या खाली गेली तर पाच हजार किंवा सहा महिने. यात लाड नाहीत. ताशी १५ ने पाच हजार म्हणजेसुद्धा तीनशे तेहतीस तास होतात. आणि कंपनीच्या विरोधात जाऊन मी हे सांगत नाही. पुस्तिकेत शेवटी बारीक अक्षरात 'सिव्हिअर कंडिशन' नावाचा तक्ता असतो. सतत थांबत-चालत गर्दी, धूळ, आखूड फेऱ्या, घाट, असं त्यात लिहिलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांना तिथे मुदत निम्मी दिलेली असते. तो तक्ता वाचून बघ. तुला घोडबंदर रोडचंच वर्णन वाचतेय असं वाटेल.

आखूड फेऱ्यांची भरपाई रविवारी कर

सकाळी मुलाला शाळेत सोडायचं, परत यायचं, संध्याकाळी भाजी. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, आणि गार इंजिनात त्याची वाफ ऑइलमध्ये जिरते. ऑइल चांगलं तापलं तरच ती उडून जाते. मीटरवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसला तर बहुधा हेच झालेलं असतं.

त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडीला अर्धा तास न थांबता चालवणं. रविवारी पहाटे नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जाऊन ये, नाहीतर वर्सोवा पूल ओलांडून विरार फाट्यापर्यंत. आणि गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघत असेल, वर्षाला तीन हजारही होत नसतील, तरी वर्ष झालं की ऑइल बदलायचंच. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचंही ऑइल म्हातारं होतं.

जावईबापूंच्या डिझेल गाडीसाठी वेगळा मंत्र

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी बसली, डीपीएफ म्हणतात ती. जाळी भरली की गाडी जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते, आणि त्यासाठी काही वेळ सलग वेग लागतो. मानपाड्याच्या गर्दीत हे काम अर्ध्यावर तुटतं. मग ते जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते.

जावईबापूंना सांग, ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं तर मुदतीची वाट न बघता बदला. डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तिकेत दिलंय तसं मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवा. आणि ऑइल कमी राखेचंच, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं. राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते.

महिन्यातून एकदा डिपस्टिक काढ

हे काम दिव्यावर सोडायचं नाही. गाडी सपाटीला हवी. बेसमेंटच्या उतारावर बघितलं तर माप चुकतं. इंजिन तापवून बंद कर, पाच-दहा मिनिटं थांब, म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल. पट्टी काढून पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. दोन खुणांच्या मध्ये असलं की ठीक. कमी असेल तर त्याच प्रतीचं थोडं थोडं घालून बघत जा, वरची खूण ओलांडू नको.

रंगावरून निकाल देऊ नको. डिझेलमध्ये नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवायचं काम करतंय. उलट सीएनजीवर ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, पण आत उष्णतेने ते थकलेलं असू शकतं. एकच रंग मात्र लगेच ओळखायचा. दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारायचाच नाही. टो करून गॅरेजला न्यायची.

पाना आणि लाल झारी यांत गल्लत नको

पान्याचा दिवा म्हणजे आठवण. आज लागला तर या आठवड्यात गाडी नेली तरी चालतं. तेलाच्या झारीचा लाल दिवा म्हणजे इंजिनात ऑइलचा दाब नाही. तो लागला की काही क्षणांत बेअरिंग खराब व्हायला लागतात. "पुढच्या गॅरेजपर्यंत जाते" असं म्हणायचं नाही. डावीकडे सुरक्षित जागा बघ, गाडी घे, इंजिन बंद कर, चारही इंडिकेटर लाव, टो गाडी बोलव. किल्ली फिरवल्यावर ही झारी क्षणभर दिसून इंजिन सुरू होताच विझली पाहिजे. रोज सकाळी तेवढं बघायची सवय लाव.

आपल्याकडे खड्ड्यात किंवा उंच स्पीडब्रेकरवर चेंबर लागतं. खालून मोठा आवाज आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढल्यावर जागेवर काळा डाग पडलाय का ते बघ. असला तर त्याच दिवशी मेकॅनिकला दाखव.

ऑइल बदलताना समोर उभी राहा

पुस्तिकेत जो दर्जा दिलाय तोच घाल. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० अशी पातळ ऑइलं लागतात. "आपल्याकडे गरमी, जाड घाला" असं कोणी म्हणालं तर ऐकू नको, त्या इंजिनातल्या फटी पातळ ऑइलच्याच मापाने केलेल्या असतात. सीलबंद डबा डोळ्यांदेखत उघडायला सांग. फिल्टर दर वेळी नवा. ड्रेन नटचा वॉशरही नवा, त्याला फार पैसे पडत नाहीत आणि गळती टळते. रिकाम्या डब्याला भोक पाडून घे, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात जातो. जुनं ऑइल गॅरेजलाच दे. सोसायटीच्या गटारात थेंबही नको, आपले नाले खाडीलाच मिळतात. इंजिन फ्लश किंवा बाटलीतली जादू कोणी पुढे केली, तर ते पुस्तिकेत कुठे लिहिलंय ते विचार.

बिलावर ऑइलची प्रत, लिटर, फिल्टर आणि किलोमीटर लिहून घे. वॉरंटीच्या काळात लवकर ऑइल बदललं म्हणून कोणी अडवत नाही, पण कंपनीची मुदत चुकली तर पुढे दावा अडकू शकतो. म्हणून मधलं ऑइल जादा समज. कंपनीची सर्व्हिसिंग तिच्या वेळेवर करायचीच.

दिवा कधी विझवायचा

साध्या मोजणीचा दिवा पूर्ण सर्व्हिसिंगची आठवण ठेवतो. मध्ये फक्त ऑइल बदललंस तर त्याला हात लावू नको, नाहीतर ब्रेक, कूलंट, फिल्टर यांच्या तपासणीची तारीखही पुढे ढकलली जाईल. टक्केवारीवाल्या गाडीत मात्र ऑइल बदललं की त्याच वेळी रीसेट केलंच पाहिजे. आणि ऑइल न बदलता नुसता दिवा विझवून देतो म्हणणाऱ्याला गाडी कधी देऊ नको. त्याने तुझ्या गाडीचं तोंड बंद केलेलं असतं.

जे कोणताच दिवा सांगत नाही

धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर मुदतीआधी काढून बघ. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, पुस्तिकेप्रमाणे. सीएनजीची टाकी असेल तर तिची दर तीन वर्षांनी चाचणी, ती कायद्यानेच बंधनकारक आहे. पीयूसीची तारीख. हे सगळं एका छोट्या वहीत लिही आणि वही गाडीच्याच कप्प्यात ठेव. तारीख, किलोमीटर, सरासरी वेग, काय बदललं, एवढे चार रकाने पुरे.

या रविवारी तीन कामं कर. पुस्तिकेतली ती दोन पानं वाच, डिपस्टिक काढून बघ, आणि आजपर्यंतचे तास मांड. आकडा तीनशेच्या वर गेला असेल, तर पान्याचा दिवा लागायची वाट बघू नको. सोमवारी मेकॅनिकची वेळ घे.