चमकणारी पूड आणि पेटंटचा तंटा

डोळ्यांच्या पापण्यांवर लावायची चमकदार पूड उन्हात धरून थोडी तिरकी करून पाहा. चमक सरकते, कधी कधी रंगही बदलतो. ही किमया आहे खनिजाच्या अतिपातळ पापुद्र्यांची. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले किरण एकत्र आले, की काही रंग जोर धरतात, तर काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर तुम्ही पाहता तेच हे व्यतिकरण. थराची जाडी वाढवत गेले की रुपेरी, सोनेरी, तांबडा, निळा, हिरवा अशा छटा मिळतात. पदार्थ तोच, रंग मात्र निराळा!

अभ्रकाऐवजी ॲल्युमिनाचे पापुद्रेही वापरतात. निसर्गात सापडणारे स्फटिकरूप ॲल्युमिना म्हणजे आपला कुरुंद. माणिक आणि नील ही त्याचीच रंगीत रूपे. कारखान्यात तयार केलेले त्याचे पापुद्रे फार गुळगुळीत असतात, म्हणून त्यांचा लखलखाट ठिणग्यांसारखा दिसतो.

अशाच पापुद्र्यांवरून एक तंटा उभा राहिला. ठरावीक जाडीच्या आणि ठरावीक आकारमानाच्या ॲल्युमिना-पापुद्र्यांवर जर्मनीच्या मर्क समूहाने अमेरिकेत पेटंट मिळवले. मोटारींचे रंग, छपाईची शाई आणि सौंदर्यप्रसाधने हे त्यांचे उपयोग. कोरियाच्या सीक्यूव्ही कंपनीने हरकत घेतली. तिचे म्हणणे असे, की असे पापुद्रे 'झिरॅलिक' या नावाच्या मालात आधीपासूनच होते. आणि गंमत अशी, की झिरॅलिक हा माल तेव्हा खुद्द मर्कचाच होता!

आपलीच वस्तू आपल्याला आडवी कशी येईल, असे तुम्ही विचाराल. पेटंट म्हणजे काही वर्षांची मक्तेदारी. ती नव्या शोधालाच मिळते. लोकांना मिळू लागलेली वस्तू, मग ती कोणीही बनवलेली असो, ठरावीक मुदतीनंतर नवी राहत नाही.

तेव्हा सारा वाद एका नमुन्यावर आला. त्याचे पापुद्रे मोजता येतात. पण तो त्या तारखेपूर्वी गिऱ्हाइकाला मिळत होता का, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. पेटंट मंडळाने सीक्यूव्हीचा पुरावा अपुरा ठरवला. गुणवत्ता-तपासणी झाली की काही आठवड्यांत गिऱ्हाईक तो माल मागवू शकत असे, अशी साक्ष मात्र नोंदीत होती. मंडळाने ती विचारात का घेतली नाही याचा खुलासा नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने मार्च 2025 मध्ये तो निर्णय रद्द केला आणि प्रकरण फेरविचारासाठी मंडळाकडे परत पाठवले. पेटंट खरे की खोटे, हे न्यायालयाने त्या वेळी ठरवले नाही.