आहारनियम आणि रसना

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात आषाढात उतरलेल्या मांसाहारी मराठी गृहस्थास एक कोडे पडते. उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो, महाराष्ट्रात अमावास्येस. म्हणून तेथील श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. मग मांसत्यागाचा नियम कोणत्या दिवशी धरावा?

गीतेच्या सतराव्या अध्यायात ८ ते १० या श्लोकांत आहाराचे तीन प्रकार आले आहेत. तेथे मांसाचे नाव नाही, तिथीचेही नाही. अन्नाचे गुण व परिणाम आहेत. सात्त्विक आहाराने बल व आरोग्य वाढावे, अशी अपेक्षा आहे. म्हणून मांस सोडून ताटातील जागा रिकामी ठेवू नये. वरण, मटकीची उसळ, दूध, दही यांनी ती भरावी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे मिळत नाही. ते दूध-दही देतात.

खरी कसोटी पुढेच आहे. आषाढी अमावास्येस यथेच्छ सामिष जेवून पुढे महिनाभर दिवस मोजणाऱ्याचे ताट बदलते, रसना बदलत नाही. दुसऱ्या अध्यायाचा ५९ वा श्लोक हाच भेद दाखवितो. यावर उपाय म्हणजे सहाव्या अध्यायात (श्लोक ३५) सांगितलेला अभ्यास. आठवड्यातील एका वारापासून आरंभ करावा. नियम मोडला तर खचून न जाता पुन्हा धरावा. घरातील जे तो पाळीत नाहीत त्यांस हिणवू नये; मानासाठी केलेले तप राजस होय (१७.१८).

एवढे ध्यानी आले की कोडे सुटते. दोन्ही श्रावण शुभच. पण रसना जिंकू पाहणाऱ्याने कोणत्याही श्रावणाची वाट पाहू नये.