पथ्य : घरच्या जमाखर्चाचा विषय



अहवालातील जमाखर्चाची पाने तयार करणे हे माझे नेहमीचे काम. या पानावर मात्र स्वयंपाकघराच्या हिशेबाविषयी लिहीत आहे.

मधुमेह वा उच्च रक्तदाबाचा रुग्ण पथ्याचा कागद घेऊन पेण-रोह्याकडील आपल्या गावी परततो. काही दिवस पथ्य नेटाने पाळले जाते. पुढे गणपती येतात, पाहुण्यांच्या पंगती बसतात आणि मोडलेले पथ्य पुन्हा सुरू होत नाही. हा दोष एकट्या रुग्णाचा नव्हे. पथ्य त्याच्या ताटापुरते राहते, घरातील तेल-मिठाच्या डब्यांपर्यंत पोहोचत नाही.

यास्तव हिशेब महिन्याच्या वाणसामानाचा ठेवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सुचविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मीठ दिवसाला ५ ग्रॅमहून कमी असावे. या मानाने चार प्रौढांच्या कुटुंबास महिन्याला सुमारे सव्वातीन किलो तेल-तूप पुरावे. मिठाची एक किलोची पिशवी ५० दिवसांच्या आत संपता कामा नये. पिशवी उघडताच तिच्यावर तारीख लिहावी, म्हणजे खर्च आपोआप कळतो. लोणचे, सुकी मासळी व पेणचे प्रसिद्ध पापड यांतील मीठ या हिशेबाबाहेर राहते, हे विसरू नये. पापडखारातही सोडियम असतेच. तेव्हा पापड रोजच्या ताटात न वाढता सणावारी, तोही भाजून खावा.

पथ्यासाठी परका आहार शोधण्याचे कारण नाही. भातकापणीनंतर आपल्या शेतांत वाल होतो. ताटातील भात थोडा कमी करून वालाचे बिरडे व भाजी वाढवावी. काही वेळा तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची करावी. थंडीतील पोपटीला तर तेलाचा थेंबही लागत नाही. जे जिभेच्या ओळखीचे, तेच वर्षानुवर्षे टिकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

मोदकांच्या दिवशी हिशेब चुकला, तरी दुसऱ्या दिवसापासून वही पुन्हा मांडावी. देणगीदारांच्या साहाय्याने रुग्णालय औषधोपचार करू शकते. पुढील अनेक वर्षांचे पथ्य मात्र घरच्या मंडळींच्याच हाती आहे. रुग्णासाठी वेगळी चूल न मांडता साऱ्या घराने त्याच्यासोबत जेवावे, ही नम्र विनंती.