पर्जन्यनक्षत्रांची वाहने आणि पावसाचे भाकीत

वर्षप्रतिपदेस मंदिरात पंचांगश्रवण होते. नव्या संवत्सराचा राजा कोण, मेघेश कोण, कोणत्या नक्षत्री कोणते वाहन, हे सारे भाविक आदराने ऐकतात. श्रोत्यांत गावाकडे शेती असलेली कुटुंबेही असतात, आणि त्यांच्या मनात एक प्रश्न येतोच : या फलावर विसंबून पेरणी ठरवावी काय? श्रद्धेस बाध न आणता या प्रश्नाचा विचार करता येतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम वाहनाचे गणित पाहू. सूर्य मृग, आर्द्रा, पुनर्वसू इत्यादी नक्षत्रांत प्रवेश करतो, त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्री आहे ते पाहतात. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस नऊने भागतात. बाकी एक उरल्यास घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि शून्य उरल्यास हत्ती. यांपैकी बेडूक, म्हैस व हत्ती ही विपुल पर्जन्याची वाहने मानली जातात.

या गणितात वारा नाही, मेघ नाहीत, समुद्र नाही, गावही नाही. सूर्यचंद्र सर्वांचे एकच, म्हणून गोव्यास जे वाहन तेच ग्वाल्हेरास. परंतु गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस होतो, तर ग्वाल्हेरास त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी. शिवाय ऐन जुलैत कोकणपट्टीत कोणतेही वाहन असले तरी पाऊस बहुधा येतोच. तो आला की वाहन खरे ठरले असे आपण म्हणतो; हत्ती असून नक्षत्र कोरडे गेले, तर ते लवकरच विस्मरणात जाते.

मग नक्षत्रे व्यर्थ काय? मुळीच नाही. चांद्रमास ऋतूंच्या मानाने मागेपुढे सरकतात व अधिकमासाने सावरावे लागतात. सूर्याचा मृगप्रवेश मात्र हल्ली दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास होतो. तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र हे शेतकऱ्याचे उत्तम ऋतुपत्रक आहे. मृगात पेरणीची तयारी असावी, हे अनेक पिढ्यांच्या अनुभवाचे सार होय. परंतु ते सर्वसाधारण ऋतुमान झाले. अमुक वर्षी पाऊस किती पडेल, हे त्यातून निघत नाही.

अवंती देशीचे आचार्य वराहमिहिर यांनी सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ रचली. तीत मेघांच्या गर्भलक्षणांपासून १९५ दिवसांनी वृष्टी होते असा नियम आहे. तो आजच्या शास्त्राच्या कसोटीस उतरलेला नाही. तथापि आचार्यांची वृत्ती पाहण्याजोगी आहे. दैवज्ञाने रात्रंदिवस सावधपणे आकाश निरखावे आणि पडलेला पाऊस कुंडात मोजावा, असे ते सांगतात. प्राचीन ग्रंथांत अयनारंभ जेथे सांगितला, तेथे तो आता होत नाही, हेही ते स्पष्ट नमूद करतात आणि प्रत्यक्ष वेधाने पारख करण्यास सांगतात. त्यांच्या काळानंतर अयनचलनामुळे ऋतू व नक्षत्रे यांच्या मेळात सुमारे तीन आठवड्यांचा फरक पडला आहे. जुने वचन पडताळून पाहणे ही आपलीच परंपरा आहे.

आधुनिक भाकीतही अचूक नसते. भारतीय हवामान खाते १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घकालीन अंदाज देत आले आहे. २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला असता प्रत्यक्षात ८१ टक्केच झाला. मात्र आकडा आधी प्रसिद्ध झाला होता, म्हणून चूक सर्वांस दिसली. पुढच्याच वर्षी खात्याने आपली पद्धत बदलली. जे भाकीत चुकले असे कधी सिद्धच करता येत नाही, ते सुधारण्याचा मार्गही उरत नाही. आणि साऱ्या देशाचा अंदाज बरोबर आला, तरी आपल्या शिवाराची हमी त्यात नसते, हेही ध्यानी ठेवावे.

म्हणून आमची सूचना अशी. घरात एक वही करावी. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राचे वाहन आधीच लिहून ठेवावे आणि पर्जन्यमापकात पडलेला पाऊस त्यासमोर मांडावा. मुलांच्या हाती हे काम द्यावे. पाच-सात वर्षांनी वहीच उत्तर देईल. पेरणी मात्र वाहनावर ठरवू नये. कोरडवाहू जमिनीत ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल खोलवर गेल्यावाचून बी टाकू नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. तो पाळावा आणि पुढील काही दिवसांचा हवामान अंदाजही पाहावा. दुबार पेरणीचा भुर्दंड हत्ती भरत नाही व बेडूकही भरत नाही. तो कुटुंबासच सोसावा लागतो.

पंचांगश्रवण अवश्य करावे. त्याने काळाचे भान राहते आणि नव्या वर्षाचा आरंभ सर्वांच्या संगतीने होतो. ओल किती झाली, हे मात्र शेतात जाऊन पाहावे.