आधी ग्लोव्ह, बॅट शेवटी: साक्रीतून बेसबॉलचं सामान घेताना

मुलगी शाळेतून येते आणि सांगते, "सरांनी संघात घेतलंय, सोमवारपर्यंत ग्लोज आणायला सांगितलाय." तुम्ही मोबाईल उघडता, 'बेसबॉल' लिहिता आणि समोर येतात बॅटा. काळ्या, लाल, चकचकीत, चार-पाचशे ते आठशे रुपयांच्या. थांबा. त्यातली एकही घेऊ नका.

या बॅटा खेळण्यासाठी नसतातच. त्या गाडीच्या सीटखाली ठेवायला घेतल्या जातात, आणि विकणारा वर्णनात तसं लिहितोही: 'स्वसंरक्षणासाठी'. हलकं जोडलाकूड नाहीतर पातळ पत्रा. चामड्याचा खरा चेंडू चार दिवस बसला की मुठीच्या वर चीर जाते, आणि तुटलेलं टोक कुठे उडेल ते सांगता येत नाही. शिवाय बॅट ही एकट्याची वस्तूच नाही. संघाला दोन-तीन बॅटा पुरतात. घरच्या पैशातून आधी घ्यायचा तो ग्लोव्ह.

पण त्याआधी सरांना एक प्रश्न विचारा: बेसबॉल की सॉफ्टबॉल? खानदेशात ही चूक फार होते. जळगावकडे सॉफ्टबॉल चांगला रुजला आहे, अनेक शाळांत तीच मुलं दोन्ही खेळतात, आणि घरी सांगताना दोन्हींना 'बेसबॉल'च म्हणतात. सामान मात्र वेगळं. बेसबॉलचा चेंडू ९ ते सव्वानऊ इंच घेराचा, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. सॉफ्टबॉलचा १२ इंच घेराचा, १७७ ते १९८ ग्रॅम. नावात 'सॉफ्ट' असलं तरी लागतो दणकून. सॉफ्टबॉलची बॅट बारीक, सव्वादोन इंच जाडीपर्यंतची आणि जास्तीत जास्त ३४ इंच लांब. एकाची बॅट दुसऱ्याला चालवली की पंच बाजूला ठेवायला लावतात आणि तुमचे दोन हजार घरी कोपऱ्यात उभे राहतात.

आता ग्लोव्ह. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलो. भाची उजव्या हाताने फेकते म्हणून मी ऑनलाइन 'राइट हँड' लिहिलेला ग्लोव्ह मागवला. आला तो उजव्या हातात घालायचा, म्हणजे डावखुऱ्यांचा. साधी गोष्ट आहे: ज्या हाताने फेकता तो मोकळा राहतो, ग्लोव्ह दुसऱ्या हातात. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात बसतो. परदेशी कंपन्या त्यावर 'आरएचटी' छापतात, म्हणजे 'उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी'. आपल्याकडचे विक्रेते कुणी घालायचा हात लिहितो, कुणी फेकायचा. लिहिलेल्यावर जाऊ नका, फोटोत अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघा. तळव्याची बाजू तुमच्याकडे असताना अंगठा डावीकडे दिसला तर तो डाव्या हातात घालायचा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा.

माप इंचात असतं. शाळकरी मुलांना बेसबॉलसाठी ११ ते १२ इंच पुरतात. सॉफ्टबॉलला चेंडू मोठा, म्हणून १२ ते १३. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन इंच मोठा घेऊ नका. हा गणवेश नाही. मोठ्या ग्लोव्हमध्ये चेंडू हरवतो आणि फेकायला उशीर होतो. कॅचरचा मिट वेगळा, गादीसारखा जाड. तो शाळेने घ्यायचा, तुम्ही नाही.

किंमत? मेरठ-जालंधरकडचा साधा ग्लोव्ह ७०० ते १,५०० रुपयांत येतो. परदेशी नावाचा घ्यायचा तर ३,००० पासून पुढे, वरची हद्द नाही. पहिल्या वर्षी हजार-बाराशेच्या वर जाऊ नका. पैसे वाया जाणार नाहीत याची एक खूण सांगतो: ग्लोव्हमध्ये हात घालून मूठ वळा. पुठ्ठ्यासारखा कडक राहिला आणि शिवणीवर पापुद्रा दिसला तर ते चामडं नाही, रेक्झिन आहे. चामडं कुरकुरतं, पण वळतं.

संघ म्हणून घेत असाल तर हिशोब आणखी सोपा. एक बाजू क्षेत्ररक्षण करते तेव्हा दुसरी बॅटिंग करते. म्हणजे १८ मुलांच्या सरावाला १८ ग्लोव्ह लागत नाहीत, ९ पुरतात. फक्त डावखुऱ्या मुलाला उसना ग्लोव्ह चालत नाही, त्याचा आधी घ्या.

चेंडू देशी १५० ते ४०० रुपयांना एक. डझनाने घेतले तर दुकानदार कमी करतो, विचारल्याशिवाय मात्र करत नाही. ॲल्युमिनियमची देशी बॅट १,२०० ते ३,००० पर्यंत. हेल्मेट दोन्ही कान झाकणारंच घ्या, हजार-दीड हजार ते अडीच हजार धरा. क्रिकेटचं हेल्मेट घरात आहे म्हणून तेच चालवू नका, ते वेगळ्या माऱ्यासाठी केलेलं असतं. ॲबडोमेन गार्ड मात्र क्रिकेटचाच चालतो, शे-दोनशेत मिळतो, आणि कॅचरला तो पहिल्या दिवसापासून हवा. शाळेच्या वयात धातूच्या खिळ्यांचे बूट नकोत, रबरी खिळ्यांचे फुटबॉलचे बूट छान चालतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, खिशात किती घेऊन निघायचं ते कळावं म्हणून.

ज्याला पैसे लागतच नाहीत ते आता. बेस विकत घेऊ नका. गोणपाट चौकोनी शिवा, आत थोडी वाळू भरा, झालं. होम प्लेट जुन्या रबरी मॅटमधून कापा, पिचरकडची कड बरोबर १७ इंच. मैदान आखायला शेत मोजायचा टेप घ्या: बेसबॉलला एका बेसपासून दुसरा ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. सॉफ्टबॉलला ६० फूट, १८.२९ मीटर. पिचर उभा राहतो ते अंतर बेसबॉलला ६० फूट ६ इंच, सॉफ्टबॉलला मुलींसाठी ४३ फूट. लहान गटाला सर अंतर कमी करतात, त्यांना विचारून खुंट्या ठोका.

घ्यायचं कुठे? साक्रीत क्रिकेटचं आणि कॅरमचं सामान मिळेल, बेसबॉलचं बहुधा मागवून द्यावं लागेल. धुळ्याला आग्रा रोडच्या बाजारात जायचं तर आधी फोन करून 'ग्लोव्ह दुकानात आहे का, कुठल्या हाताचा' एवढं विचारूनच एसटीत बसा. 'आहे ना, या तुम्ही' म्हणणारा दुकानदार तुम्ही पोहोचल्यावर 'उद्या येईल' म्हणतो. खरेदीला आईनेच मुलीला घेऊन जावं हे उत्तम: मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. आणि मुलीचा हात ग्लोव्हमध्ये घालून बघणं फोटोपेक्षा केव्हाही बरं.

येताना बॅट उघडी हातात धरू नका, पिशवीत घाला आणि शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवा. सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश निघतात, त्यात काठ्या-सोटे नेण्यावर बंदी असते. खेळाडू आहे हे एका वाक्यात पटवता आलं पाहिजे.

शाळेने थेट मेरठहून पार्सल मागवलं तर भाव नक्की कमी पडतो, पण बिल नीट वाचा. दरात वाहतूक धरली आहे की नाही? 'टू पे' लिहिलं असेल तर भाडं तुम्ही भरायचं. त्यावर बिल्टीचा आकार, हमाली, आणि माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पडून राहिला तर डेमरेज. पार्सल बहुतेक वेळा धुळ्यापर्यंतच येतं, पुढची गाडी तुमची. तीन-चार हजारांच्या मालावर हे सगळं मिळून बचत खाऊन टाकतं. पंचवीस-तीस हजारांची एकत्र खरेदी असेल तरच हा रस्ता धरा.

ऑनलाइन मागवताना आधी तुमचा पिनकोड टाकून 'परत नेण्याची सोय' दिसते का ते बघा. माल पोचवणारे पुष्कळ, परत न्यायला येणारे थोडे. काही ठिकाणी परतीचं कुरियर तुमच्याच खर्चाने करायला सांगतात, ग्लोव्हच्या डब्याला त्यातच दीड-दोनशे जातात. पोचवण्याचा आकार, रोखीने द्यायचा आकार, प्लॅटफॉर्मचा आकार हे तिन्ही शेवटच्या पानावर उगवतात, म्हणून भावांची तुलना शेवटच्या पानावरच्या आकड्याने करा. डबा फोडताना मोबाईलवर चित्रण करा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असं.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. जुना स्टिकर दाखवून जुनाच भाव लावत असतील तर विचारा. आणि छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. एमआरपी घेऊन वर 'जीएसटी वेगळा' म्हणणाऱ्याकडून पक्कं बिल मागा, सूर बदलतो.

पैसे काढण्याआधी शाळेलाही विचारा. समग्र शिक्षाखाली सरकारी शाळांना दरवर्षी क्रीडा अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिकला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत 'या वर्षीचं क्रीडा अनुदान कशावर खर्च झालं?' एवढंच विचारा. भांडू नका, फक्त विचारा. पुढच्या यादीत चेंडू आणि हेल्मेट येण्याची शक्यता वाढते.

कागदपत्रं फार नाहीत, पण ऐनवेळी अडतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. आधार, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, चार फोटो, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं ओळखपत्र. आधारवरची आणि शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख आजच जुळवून बघा. एका दिवसाचा फरक असला तरी मूल मैदानावरून परत येतं. मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, झेरॉक्स वेगळी. दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा मूळ कागद लागतात.

पुस्तकं. नियमांचं पुस्तक विकत घेऊ नका. जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघ आणि अमेरिकेची मेजर लीग, दोघांचे नियम त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. अख्खं छापायला गेलात तर झेरॉक्सवाला पानांचेच तीन-चारशे घेईल. मैदानाची आकृती आणि बाद होण्याचे नियम एवढीच पानं काढा. मराठीतून खेळ समजून घ्यायचा तर मराठी विश्वकोशातली बेसबॉलची नोंद वाचा, तीही फुकट.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर टेड विल्यम्सचं 'द सायन्स ऑफ हिटिंग', १९७१ चं. इंग्रजी जड वाटलं तरी चालेल, त्यातलं एक चित्रच पैसे वसूल करतं: फलंदाजासमोरच्या टापूत ७७ चेंडू रचलेत आणि कुठल्या जागेवरचा चेंडू मारला तर यश किती, ते प्रत्येकावर लिहिलंय. मुलं ते चित्र भिंतीला लावतात. मायकल लुईसचं 'मनीबॉल' (२००३) ओकलंड संघावरचं. आकड्यांची आवड असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलाला द्या, सातवीतल्याला नको. 'मिलियन डॉलर आर्म' ही उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पुस्तकाआधी २०१४ चा चित्रपट दाखवा. स्वस्त म्हणून पदपथावरची नक्कल घ्याल तर आकृत्या काळ्या डागासारख्या छापलेल्या मिळतील.

टोपीबद्दल दोन शब्द. बाजारात 'एन-वाय' गुंफलेली टोपी प्रत्येक हातगाडीवर लटकते. ते न्यूयॉर्क यांकीज संघाचं चिन्ह, पण टोपी शंभर-दीडशेची नक्कल. उन्हासाठी घ्यायला हरकत काहीच नाही, 'ओरिजनल' म्हणून सातशे मात्र देऊ नका. मेजर लीगच्या खेळाडूंच्या टोप्या न्यू एरा कंपनीच्या असतात. त्यांच्या बंद टोपीला मागे पट्टी नसते, माप ७, ७ १/८, ७ १/४ असं असतं. शिंप्याचा टेप कपाळाभोवती फिरवा: ५७.७ सेंटीमीटर म्हणजे ७ १/४.

अमेरिकेतला भाचा 'मी पाठवतो मामा' म्हणाला तर त्याला सांगा, पाठवू नकोस, येताना आण. कुरियरने आलेल्या वस्तूवर सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, आणि वर कुरियर कंपनीचा हाताळणीचा आकार. डब्यावर 'भेट' लिहिल्याने सुटका होत नाही. आणताना बॅट मोठ्या बॅगेतच घालायची, विमानात हातात नेऊ देत नाहीत.

माल खोटा निघाला आणि विक्रेता फोन उचलत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बिल, पैसे दिल्याचा पुरावा, डबा फोडल्याचं चित्रण जवळ घेऊन बसा. तिथे मिटलं नाही तर धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायचीही सक्ती नाही.

ग्लोव्ह घरी आला की लगेच खेळायला देऊ नका. खोबरेल तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन तळव्याला चोळा. चार थेंबच, ओतलंत तर चामडं जड होतं आणि धूळ पकडतं. मग मध्ये चेंडू ठेवून दोरीने आवळून बांधा, रात्रभर गादीखाली. असं आठवडाभर. उन्हात वाळवू नका. वर्षभरात बोटांमधली वादी तुटेल, तेव्हा नवा घ्यायला धावू नका. भाचीचा ग्लोव्ह मी स्टँडजवळच्या मोच्याकडे नेला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, उलटासुलटा केला, आत हात घालून पाहिला, "हाई काय शे?" म्हणाला, आणि चपलेची वादी ओवून वीस मिनिटांत परत दिला. साठ रुपये.