रेगूर माती आणि नायलॉन

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत नायलॉनवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु जीडीमेटला, चर्लपल्लीकडील कारखान्यांत साच्यांवर काम करणाऱ्या आपल्या मुलांना हा विषय उपयोगी पडेल, आणि वडील मंडळींनाही तो अगदीच परका वाटणार नाही.

गौलीगुड्यातील ज्या घरांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे, त्यांना काळ्या रेगूर जमिनीची ओळख करून द्यावयास नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पावसात ती फुगते आणि भेगा मिटतात. हा गुण मुख्यतः तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजाचा होय. ते पानापानांचे असते. एक पान सुमारे 1 नॅनोमीटर जाड. अशी लाखभर पाने रचावी तेव्हा वहीच्या कागदाएवढी जाडी होते. पानांमध्ये पाणी शिरले की ती दूर सरतात.

नायलॉनचा शोध अमेरिकेत कॅरोदर्स यांनी 1935 साली लावला. नायलॉन-6 हा प्रकार जर्मनीत पॉल श्लाक यांनी 1938 साली सिद्ध केला. पदार्थ चिवट खरा, पण उष्णतेने नरमतो व दमट हवेत पाणी पितो. म्हणून त्यात काचेचे तंतू किंवा खनिजाची पूड घालतात. मात्र तिचे प्रमाण पुष्कळदा शेकडा 20-30 पर्यंत न्यावे लागते, आणि वस्तू जड होते.

जपानमधील टोयोटाच्या संशोधन संस्थेने 1980 नंतरच्या दशकात निराळी वाट धरली. मातीच्या पानांना पाणी प्रिय, तेलकट द्रव्य अप्रिय. म्हणून पानांमधील सोडियम काढून तेथे अमिनोलॉरिक आम्ल बसविले. मग नायलॉनचे मूळ द्रव्य कॅप्रोलॅक्टम आत शिरले. तेथेच त्याच्या साखळ्या वाढल्या आणि शिवण उसवलेल्या पोथीसारखी पाने सुटी झाली. शेकडा सुमारे 4 भाग मातीने ताण सोसण्याची शक्ती 69 वरून 107 मेगापास्कल झाली, ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला, आणि भाराखाली वाकण्याचे तापमान 65 अंशांवरून 145 अंशांच्या घरात गेले. सुट्या पानांचा एकूण पृष्ठभाग दर ग्रॅमला 700 चौरस मीटरांहून अधिक भरतो. त्याला साखळ्या घट्ट धरून राहतात. शिवाय वायू व ओलावा यांना पाने चुकवीत वळसे घालीत जावे लागते, म्हणून ते सावकाश झिरपतात. पुढे मोटारीच्या टायमिंग बेल्टचे झाकण याच द्रव्याचे झाले.

आता दुसरी बाजू. ताठपणा वाढतो तसा ताणल्यावर लांबण्याचा गुण फार घटतो. झटका खाणाऱ्या भागास हे मिश्रण आम्ही सुचविणार नाही. आणि नुसती माती दळून नायलॉनमध्ये ढवळली तर पाने सुटत नाहीत, गठ्ठेच राहतात, आणि तडा नेमका गठ्ठ्यापासून सुरू होतो. स्वस्ताईसाठी केलेले असे मिश्रण आणि वर सांगितलेले मिश्रण यांत नावापुरतेच साम्य आहे. गोणी घेताना मातीचे प्रमाण विचारावेच, पण ती कशी मिसळली हे आधी विचारावे.

साच्यावरील मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नायलॉन-6 सुमारे 220 अंशांस वितळते, तर मातीवर चढविलेली कित्येक सेंद्रिय द्रव्ये 200 अंशांच्या आसपासच विघटू लागतात. तेव्हा दाणे नीट वाळवून घ्यावेत आणि वितळलेला माल यंत्रात रेंगाळू देऊ नये.